ब्लूटूथ कार मध्येच थांबते, संपर्क तुटतो: रोबोट किटमधला दोष टप्प्याटप्प्याने कसा शोधायचा

रोबोट किट कुठूनही घ्या, आतला माल बहुधा सारखाच असतो. सीएच३४० या यूएसबी चिपचा अर्डुइनो उनो हा कंट्रोलर बोर्ड, एल२९८एन मोटर ड्रायव्हर, दोन किंवा चार पिवळ्या बीओ मोटर, एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल, अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर, त्याला फिरवणारा छोटा एसजी९० सर्वो (सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर) आणि दोन १८६५० सेलचा (रिचार्जेबल लिथियम-आयन सेल) होल्डर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा, पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणा की ऑनलाइन मागवा, फरक फार तर चाकांच्या रंगात. माल ठरलेला, म्हणून त्याची दुखणीही ठरलेली.

‘ब्लूटूथ सारखे तुटते’ या तक्रारीत ब्लूटूथचा दोष क्वचित असतो. मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर कोसळते, बोर्ड किंवा मॉड्यूल बंद होऊन पुन्हा चालू होते, आणि आपल्याला दिसते एवढेच की फोनचे गाडी ऐकत नाही. म्हणून इथे क्रम असा आहे: आधी वीज, मग सिग्नल, मग कोड. नवशिके बहुतेक वेळा उलटे जातात. आधी कोड बदलतात, मग ॲप बदलतात, मग नवे मॉड्यूल विकत आणतात, आणि नवे मॉड्यूलही तसेच वागते.

हाताशी काय हवे

- डिजिटल मल्टिमीटर. अगदी साधा चालेल, पण त्यात कंटिन्युइटीचा बीप (वायर सलग जोडलेली आहे का ते सांगणारा) हवा.
- डेटा जाणारी यूएसबी केबल. फक्त चार्जिंगच्या केबलने कोड जात नाही.
- ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड, १६ किंवा २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, दोन नग.
- ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर, प्रत्येक मोटरसाठी एक. त्यांच्यावर १०४ छापलेले असते.
- १ किलोओहमचे तीन रेझिस्टर.
- सोल्डरिंग गन, सोल्डर आणि २२ गेजची थोडी लाल-काळी वायर.
- ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट उतरवून देणारे मॉड्यूल (एलएम२५९६ चालते). सर्वो असेल तर हा हवाच.
- अँड्रॉइड फोन आणि त्यात कुठलेही ब्लूटूथ टर्मिनल ॲप.
- गाडीखाली ठेवायला ठोकळा, आणि वही-पेन. मोजलेला आकडा लिहून ठेवला नाही तर अर्ध्या तासाने तो आठवत नाही.

## १. चाके अधांतरी ठेवा आणि दिवे पाहा

गाडी ठोकळ्यावर अशी ठेवा की चाके मोकळी फिरतील. फोन जोडा, पुढे जाण्याचा आदेश द्या आणि त्या क्षणी चाकांकडे न पाहता एचसी-०५ च्या छोट्या दिव्याकडे पाहा. हा दिवा सगळ्यात स्वस्त साक्षीदार आहे.

फोन जोडलेला नसताना तो भराभर लुकलुकतो. जोडला गेला की थांबून थांबून दोनदा लुकलुकतो.

मोटर सुरू होताच दिवा पुन्हा भराभर लुकलुकू लागला, तर मॉड्यूलचीच वीज तुटली. टप्पा २ ते ६ तुमच्यासाठी आहेत. दिवा जोडलेल्या खुणेवरच राहिला पण गाडी मेली, तर मॉड्यूल जिवंत आहे आणि उनो रीसेट झाला आहे किंवा कोडमध्ये अडकला आहे; त्यासाठी टप्पा ५ आणि ९. मुळात फोन जोडलाच जात नसेल तर थेट टप्पा ८ वाचा.

आणखी एक खूण बघा. यूएसबी केबल लावलेली असताना रोबोट शहाण्यासारखा वागतो आणि केबल काढून बॅटरीवर सोडला की बिघडतो? मग कोडकडे वळूनही पाहू नका. केबल लावली की बोर्डाला संगणकाकडून स्थिर ५ व्होल्ट मिळत होते, एवढाच त्याचा अर्थ.

## २. बॅटरी मोटर चालू ठेवून मोजा

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. बॅटरीच्या वायर जिथे एल२९८एनच्या स्क्रूत शिरतात तिथे टोके टेकवा. होल्डरवर नव्हे, स्क्रूवर. आधी मोटर बंद असताना आकडा घ्या. मग सगळ्या मोटर पूर्ण वेगात चालवून घ्या. मग एका चाकाला हाताने क्षणभर, फार तर एक सेकंद, अडवून घ्या. हा तिसरा आकडा खरा, कारण जमिनीवर गाडी सुरू होताना किंवा भिंतीला अडकल्यावर मोटरची तीच अवस्था असते.

दोन १८६५० सेल एकामागे एक जोडले की पूर्ण भरलेले ८.४ व्होल्ट, मधल्या स्थितीत ७.४ च्या आसपास. नुसती असताना ७.८ दाखवणारी बॅटरी चाक अडवल्यावर ७ च्या खाली जात असेल तर सेल, होल्डर किंवा वायर यांपैकी काहीतरी कमकुवत आहे. ६.५ च्या खाली आली तर गाडी थांबवून चार्ज करा. प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली उतरवणे म्हणजे त्याचे आयुष्य कापणे.

सेल की होल्डर, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. मोटर चालू असताना मीटरचे एक टोक सेलच्या प्लसवर आणि दुसरे होल्डरच्या लाल वायरच्या शेवटी टेकवा. चांगल्या जोडणीत शून्याच्या जवळचे काही दिसेल. ०.२ व्होल्टच्या वर दिसले तर वीज तिथेच खर्च होते आहे. होल्डरची स्प्रिंग गंजलेली असते, वायर स्प्रिंगला नुसती दाबून बसवलेली असते, किंवा मधला स्विच फालतू असतो. मायनसकडेही असेच तपासा.

आता बॅटरीच्या प्रकाराविषयी, कारण निम्मी किटे इथेच अडतात.

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरसाठी नाही. तिचा अंतर्गत रोध जास्त आहे. नुसती मोजली तर ९ दाखवते. दोन मोटर लावल्या की धाडकन खाली येते. रिमोट, स्मोक अलार्म, मीटर यांसाठी ती ठीक. किटसोबत फुकट आली असेल तर मल्टिमीटरमध्ये घाला.

चार एए सेल म्हणजे नवे अल्कलाइन असताना ६ व्होल्ट, रिचार्जेबल असले तर ४.८. एल२९८एन सोबत हे पुरत नाही. का, ते पुढच्या टप्प्यात.

१८६५० वर ९८०० किंवा ९९०० मिलिअँप-तास छापलेले असेल तर सेल घेऊ नका. या आकाराचे चांगले सेल ३५०० च्या आसपास थांबतात. असला सेल हातात घेतल्यावर हलका लागतो. धड सेलचे वजन ४५ ग्रॅमच्या जवळ असते.

चार्जिंगचा सापळा: टीपी४०५६ हे छोटे मॉड्यूल एकाच सेलसाठी आहे. सीरीजमधल्या दोन सेलना ते लावू नका. दोन सेलना दोन मॉड्यूल लावून दोन्हींना एकाच यूएसबी चार्जरवरून वीज देऊ नका; त्यांचे मायनस आतून एक होतात आणि एक सेल शॉर्ट होतो. सेल बाहेर काढून खाच असलेल्या चार्जरमध्ये भरणे सगळ्यात बिनधोक. वरचे प्लास्टिक फाटलेला सेल वापरू नका आणि सेलला थेट सोल्डरचा डाग देऊ नका. १८६५० शॉर्ट झाला तर वायर लाल होते, आणि प्रकरण तिथेच थांबेल असे नाही.

## ३. एल२९८एन किती व्होल्ट खातो ते समजून घ्या

हा ड्रायव्हर जुन्या पद्धतीच्या बायपोलर ट्रान्झिस्टरचा आहे. बॅटरीचे सगळे व्होल्ट तो मोटरपर्यंत पोचवत नाही. १ अँपियर करंटला निदान १.८ व्होल्ट, बहुधा त्याहून जास्त, स्वतःच गिळतो आणि त्याची उष्णता करतो. काळी हीटसिंक त्यासाठीच आहे. ७.४ व्होल्ट दिले तर मोटरला साडेपाच मिळतात, आणि ३ ते ६ व्होल्टच्या बीओ मोटरला ते बरोबर जुळते. ६ व्होल्ट दिले तर उरतात चार. सेल थोडे उतरले की मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही.

दुसरा गोंधळ ५ व्होल्टच्या टर्मिनलचा. तीन स्क्रूच्या पट्टीत बॅटरी प्लस, जीएनडी (ग्राउंड, म्हणजे मायनस) आणि ५ व्होल्ट असे असतात. शेजारचा जंपर बसवलेला असेल तर मॉड्यूलवरचा ७८एम०५ रेग्युलेटर काम करतो आणि ५ व्होल्ट बाहेर येतात. जंपर काढलेला असेल तर ते ५ व्होल्ट बाहेरून द्यावे लागतात. बॅटरी १२ व्होल्टच्या वर असेल तरच जंपर काढायचा. आपल्या ७.४ वर तो बसवलेलाच ठेवा.

या रेग्युलेटरला ५ व्होल्ट देण्यासाठी आत साधारण ७ व्होल्ट लागतात. म्हणजे चार एए सेलवर त्या टर्मिनलवर जेमतेम ४ व्होल्ट येतात, आणि त्यावर उनो चालवला की तो धडही चालत नाही आणि धड बंदही पडत नाही. बॅटरीवरच्या गाडीत मोटर चालू ठेवून या टर्मिनलवर मीटर लावा. ४.८ ते ५.२ दिसायला हवेत.

उनोला वीज देण्याच्या तीन वाटा आहेत. गोल जॅक किंवा व्हीइन पिनला ७ ते १२ व्होल्ट चालतात. दोन १८६५० थेट तिथे लावता येतात. ५ व्होल्टच्या पिनला बक कन्व्हर्टरचे नेमके ५ व्होल्ट देता येतात, पण तिथे बोर्डाचा रेग्युलेटर मध्ये नसतो, त्यामुळे चुकून ७.४ लावले तर बोर्ड गेला. तिसरी वाट यूएसबी. ५ व्होल्टच्या पिनला वीज देत असाल तर कोड टाकताना बॅटरीचा स्विच बंद ठेवा, नाहीतर दोन स्रोत एकमेकांत घुसतात.

बक कन्व्हर्टर जोडण्याआधी त्याला बॅटरी द्या, बाहेर मीटर लावा, पितळी स्क्रू फिरवून ५.० वर आणा आणि मगच बोर्डाला लावा. नव्या मॉड्यूलचा स्क्रू कुठे ठेवलेला असेल याचा नेम नसतो. कधी दहा-पंधरा वळसे द्यावे लागतात, तोवर आकडा हलतच नाही, घाबरू नका.

सर्वो उनोच्या ५ व्होल्ट पिनवरून चालवू नका. एसजी९० अडला की अर्ध्या अँपियरच्या वर ओढतो आणि त्या झटक्यात बोर्ड रीसेट होतो. लाल वायर बक कन्व्हर्टरवर, तपकिरी वायर सामाईक ग्राउंडवर, केशरी सिग्नल उनोवर.

ज्यांना नवा ड्रायव्हर घ्यायचाच आहे त्यांनी टीबी६६१२एफएनजी किंवा डीआरव्ही८८३३ पाहावा. दोन्ही मॉसफेट या नव्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरचे आहेत, व्होल्ट फारच कमी खातात. मात्र एका चॅनेलला करंट साधारण १.२ ते १.५ अँपियर, म्हणून एका बाजूच्या दोन मोटर एकाच चॅनेलला जोडण्याआधी हिशोब करा. हिशोबाची रीत अशी: मोटर मोकळी करून तिच्या दोन टोकांमधला रोध मोजा, आस थोडी थोडी फिरवत सगळ्यात कमी आकडा घ्या. समजा ६ ओहम आले. तर ६ व्होल्टवर अडलेली मोटर १ अँपियर ओढेल, आणि अशा चार मोटर ४.

## ४. ग्राउंड एकच करा

बॅटरीचा मायनस, एल२९८एनचा जीएनडी, उनोचा जीएनडी, बक कन्व्हर्टरचा मायनस, एचसी-०५ चा जीएनडी: सगळे एकमेकांना जोडलेले हवेत. मोटरची बॅटरी वेगळी आणि बोर्डाची वेगळी असली तरीही. प्लस वेगळे राहतात, मायनस एक होतात. ग्राउंड तुटला की मोटर आपोआप थरथरतात, उलट्या फिरतात, किंवा वायरला हात लावला की चालू होतात. असे काही दिसले की बाकी सगळे सोडून आधी हेच तपासा.

बॅटरी काढा, मीटर बीपवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या काळ्या वायरवर धरून दुसरे प्रत्येक जीएनडीवर टेकवत जा. प्रत्येक ठिकाणी बीप यायला हवा. वायर हलवतानाही बीप तुटता कामा नये.

लांब ब्रेडबोर्डवर लाल-निळ्या पट्ट्या काही वेळा मध्यावर तुटलेल्या असतात. छापील रेषेतही तिथे खंड दिसतो. अर्ध्या बोर्डाला वीज आहे, अर्ध्याला नाही, अशी गंमत त्यामुळे होते. आणि मोटरचा करंट ब्रेडबोर्डमधून किंवा बारीक जंपर वायरमधून नेऊच नका. बॅटरी ते ड्रायव्हर आणि ड्रायव्हर ते मोटर ही वाट २२ गेजच्या वायरने, थेट. बारीक वायर फक्त सिग्नलला.

## ५. बोर्ड रीसेट होतो का ते सिद्ध करा

‘अडकतो’ आणि ‘रीसेट होतो’ हे दोन वेगळे रोग आहेत. सेटअपमध्ये, सगळ्यात आधी, १३ नंबरच्या पिनवरचा दिवा पाच वेळा भराभर लुकलुकवा. बाकी कोडमध्ये त्या दिव्याला हात लावू नका. आता गाडी बॅटरीवर चालवा. मध्येच ती पाच लुकलुक पुन्हा दिसली तर बोर्ड रीसेट झाला, म्हणजे वीज. लुकलुक न होता गाडी थिजली तर बहुधा कोड किंवा सिग्नल.

बहुधा म्हणण्याचे कारण आहे. उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपला १६ मेगाहर्ट्झवर धडपणे चालायला साधारण ३.८ व्होल्ट लागतात, पण व्होल्टेज घसरल्यावर चिपला थांबवणारी सोय उनोवर २.७ व्होल्टला लावलेली असते. या दोन आकड्यांच्या मध्ये चिप रीसेटही होत नाही आणि नीट हिशोबही करत नाही. कोड अचूक असूनही गाडी वेड्यासारखी वागते ती अशी. शंका असेल तेव्हा ५ व्होल्टच्या पिनवर मीटर लावून चाक अडवून पाहा. मात्र साधा मीटर क्षणिक डुबकी पकडत नाही, म्हणून आकडा ठीक दिसला तरी पुढचा टप्पा करून पाहावा.

## ६. झटका आणि गोंगाट दाबा

प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर, अगदी मोटरलाच, १०४ कपॅसिटरला डाग द्या. ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट तिथेच विझतो. ड्रायव्हरकडच्या वायरवर लावला तर फायदा निम्मा.

एल२९८एनच्या बॅटरी स्क्रूमध्ये ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. पांढरी पट्टी मायनसकडे. उलटा लावला तर तो फुगतो, फुटतोही. दुसरा कपॅसिटर उनोच्या ५ व्होल्ट आणि जीएनडीमध्ये, एचसी-०५ च्या जवळ.

कोडमध्येही झटका कमी करता येतो. मोटरला थेट २५५ (पूर्ण वेग) देण्याऐवजी ८०–१०० पासून सुरू करून पाव सेकंदात चढवत न्या. पुढे जाताना एकदम मागे फिरवू नका. मध्ये १०० मिलिसेकंद थांबा. फिरती मोटर उलटी केली की ती अडलेल्या मोटरपेक्षाही जास्त, जवळजवळ दुप्पट करंट ओढते. ‘मागे’ दाबल्यावरच संपर्क तुटणाऱ्या गाड्यांचे कारण हेच असते.

## ७. कोड बोर्डात जातच नसेल

पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदला, मग सीएच३४० चा ड्रायव्हर टाका. उबुंटू २२.०४ वर बीआरएलटीटीवाय नावाचा ब्रेल उपकरणांचा प्रोग्राम सीएच३४० चे पोर्ट बळकावतो. तो काढला की पोर्ट दिसते. लिनक्सवर परवानगी नाकारली जात असेल तर वापरकर्त्याला डायलआउट गटात घालून पुन्हा लॉगिन करा.

‘नॉट इन सिंक’ अशी चूक आली तर पाहायचे तीन मुद्दे: ० आणि १ नंबरच्या पिनवर काही जोडले आहे का (एचसी-०५ तिथे असेल तर कोड टाकताना वायर काढावीच लागते, कारण यूएसबीही त्याच पिन वापरते), मेनूत बोर्ड बरोबर निवडला आहे का, आणि उनोऐवजी अर्डुइनो नॅनो असेल तर प्रोसेसरच्या यादीत जुन्या बूटलोडरचा (कोड स्वीकारणाऱ्या प्रोग्रामचा) पर्याय निवडून पाहिला का. जुना ५७६०० वर बोलतो, नवा ११५२०० वर.

यूएसबी चिपच मेली आहे का ते पाहायला रीसेट पिन जीएनडीला जोडा, ० आणि १ नंबरच्या पिन एकमेकींना जोडा, सीरियल मॉनिटर उघडून काहीही टाइप करा. तेच अक्षर परत आले तर केबल, ड्रायव्हर, चिप सगळे ठीक.

## ८. ब्लूटूथची तपासणी

फोन आणि मॉड्यूल. एचसी-०५ जुन्या क्लासिक ब्लूटूथवर चालते. आयफोनला ते जोडता येत नाही. त्यासाठी एचएम-१० सारखे बीएलई (ब्लूटूथ लो एनर्जी, नवा प्रकार) मॉड्यूल लागते. याउलट, एचसी-०५ सारखीच दिसणारी बीएलई मॉड्यूलही विकली जातात. फोनच्या यादीत बीटी०५ असे नाव दिसले आणि सेटिंगमधून जोडणी होत नसेल तर तुमच्या हातात तेच आहे. ॲप बीएलईचे घ्या.

पिन १२३४, नाहीतर ००००. आधी फोनच्या सेटिंगमध्ये पेअर करा, मग ॲपमधून जोडा. नुसत्या पेअरिंगने दिवा दोनदा लुकलुकणार नाही, ॲपने जोडल्यावरच लुकलुकेल. ॲपला मॉड्यूल दिसत नसेल तर परवानगी तपासा: अँड्रॉइड १२ पासून जवळच्या उपकरणांची, त्याआधी लोकेशनची. एका वेळी एकच फोन जोडला जातो. धाकट्या भावाच्या खिशातला फोन जोडलेला राहिला असेल तर तुमचा नाकारला जाईल.

निम्मे निम्मे तोडून पाहा. एचसी-०५ च्या टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) या पिन उनोपासून सोडवा आणि एकमेकींना जोडा. टर्मिनल ॲपमधून अक्षर पाठवा. परत आले तर फोन, ॲप आणि मॉड्यूल निर्दोष. दोष उनोकडच्या वायरमध्ये किंवा कोडमध्ये. नाही आले तर उनोकडे पाहायची गरजच नाही. दोन मिनिटांच्या या चाचणीने पुष्कळ मॉड्यूल कचऱ्यात जायची वाचतील.

वायर. मॉड्यूलची टीएक्स उनोच्या आरएक्सला, मॉड्यूलची आरएक्स उनोच्या टीएक्सला. मॉड्यूलच्या आरएक्सला ३.३ व्होल्टचीच सवय आहे, उनो ५ देतो. म्हणून उनोच्या टीएक्समधून १ किलोओहम, तिथून मॉड्यूलची आरएक्स, आणि त्याच जागेवरून जीएनडीकडे २ किलोओहम (१ चे दोन, एकामागे एक). मधल्या जागी ३.३३ व्होल्ट येतात. रेझिस्टर न लावताही महिनोन्‌महिने चाललेली मॉड्यूल आहेत, पण तो नशिबाचा भाग.

बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग. नेहमीच्या वापरात एचसी-०५ चा वेग ९६०० असतो आणि एटी कमांडच्या (मॉड्यूलची सेटिंग बदलण्याच्या) अवस्थेत ३८४००. हे दोन वेगळे आहेत हे न कळल्याने फार वेळ वाया जातो. सीरियल मॉनिटरवर चौकोन, प्रश्नचिन्हे दिसली तर वेग जुळत नाही. एटी अवस्थेसाठी मॉड्यूलवरचे छोटे बटण दाबून धरून वीज द्या. दिवा दोन-दोन सेकंदांनी सावकाश लुकलुकेल. मॉनिटर ३८४०० वर, ओळीच्या शेवटी नवी ओळ आणि कॅरेज रिटर्न दोन्ही. ‘एटी’ इंग्रजी मोठ्या अक्षरांत पाठवले की ‘ओके’ येते. शाळेच्या लॅबमध्ये दहा गाड्या एकाच वेळी चालणार असतील तर इथेच प्रत्येकीला वेगळे नाव द्या, नाहीतर ‘पुढे’ दाबणारा एक आणि धावणारी गाडी दुसऱ्याची.

सॉफ्टवेअर सीरियल (० आणि १ सोडून दुसऱ्या पिनवर सीरियल चालवणारी लायब्ररी) वापरत असाल तर ९६०० वरच राहा. ११५२०० वर ते अक्षरे गाळते.

## ९. वीज धड, जोडणी धड, तरी गाडी उशिरा ऐकते

इथे कोडकडे वळा.

अंतर मोजणाऱ्या पल्स-इन या आदेशाची ठरलेली मुदत १ सेकंद आहे. सेन्सरची वायर सुटली किंवा प्रतिध्वनी आलाच नाही तर उनो तेवढा वेळ दुसरे काही करत नाही. मुदत २५००० मायक्रोसेकंद लिहा. ४ मीटरपर्यंतच्या अंतराला ती पुरते. लांब डिलेही काढा. तुम्ही बटण दाबत राहता, आदेश ६४ बाइटच्या रांगेत साठतात आणि गाडी ते मागाहून एकेक करत पाळते. लोकांना वाटते ब्लूटूथ हळू आहे.

सर्वोची लायब्ररी उनोचा टायमर १ घेते. त्यामुळे ९ आणि १० नंबरच्या पिनवरचे पीडब्ल्यूएम (मोटरचा वेग कमीजास्त करणारा सिग्नल) बंद पडते. एल२९८एनची ईएनए किंवा ईएनबी (मोटरचा वेग ठरवणारी पिन) तिथे असेल तर सर्वो जोडल्या दिवसापासून एका बाजूची मोटर वेग बदलणे सोडून देते. या वायर ५ आणि ६ वर न्या. बझरच्या टोन आदेशाने हेच ३ आणि ११ बाबत होते.

ॲप नेमके काय पाठवते ते पाहा. मोठे एफ पाठवते की छोटे? मागे नवी ओळही जोडते का? कोडमध्ये ‘अनोळखी अक्षर आले तर थांब’ असे असेल तर गाडी पुढे जाऊन लगेच थांबेल, कारण ती नवी ओळही अक्षरच आहे. आणि काही मिनिटे नीट चालून मग थिजणारी गाडी कोडमध्ये स्ट्रिंगचा (अक्षरांच्या साखळीचा) अतिवापर दाखवते: चिपमध्ये रॅम आहेच २ किलोबाइट. एकेक अक्षराचे आदेश वापरा.

## १०. एचसी-०५ ऐवजी दुसरे काही असेल तर

एनआरएफ२४एल०१ (रेडिओ मॉड्यूल): वीज ३.३ व्होल्टच, ५ दिले तर मॉड्यूल गेले. व्हीसीसी-जीएनडीच्या पायांवरच १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. न चालणारी बरीच मॉड्यूल तेवढ्याने चालू लागतात. अँटेनावाल्या मोठ्या प्रकाराला उनोची ३.३ ची पिन पुरत नाही, वेगळा रेग्युलेटर द्या.

ईएसपी३२ (वायफाय-ब्लूटूथ असलेला बोर्ड): मॉनिटरवर ‘ब्राउनआउट डिटेक्टर’ अशी ओळ आली तर निदान चिपनेच करून दिले आहे. वायफाय सुरू होताना ती जोरात करंट ओढते. तो इशारा कोडमधून बंद करण्याचे सल्ले मिळतील. ते तापमापी फोडून ताप उतरवण्यासारखे आहे. केबल आखूड घ्या, कपॅसिटर लावा, मोटरची वीज वेगळी करा. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचे चालते.

आय२सी एलसीडी: पडदा उजळतो पण अक्षरे नाहीत? मागचा निळा स्क्रू फिरवून कॉन्ट्रास्ट पाहा, मग पत्ता ०एक्स२७ ऐवजी ०एक्स३एफ करून पाहा.

## ११. जमिनीवर सोडण्याआधी

संपर्क तुटला तर गाडीने थांबायलाच हवे. ‘पुढे’वर अडकलेली गाडी जिन्यावरून जाते. शेवटचा आदेश कधी आला ती वेळ मिलिस या आदेशाने (मिलिसेकंदांत) साठवा, आणि ५०० मिलिसेकंदांत नवा आला नाही तर मोटर बंद करा. यासाठी ॲपने बटण दाबलेले असताना अक्षर पुन्हा पुन्हा पाठवले पाहिजे. एकदाच पाठवणारे ॲप असेल तर गाडी अर्धा सेकंद चालून थांबेल आणि तुम्ही पुन्हा टप्पा १ वर जाल.

मग गाडी आधी गुळगुळीत फरशीवर, नंतर सतरंजीवर चालवा. सतरंजीवर मोटरना जास्त जोर लागतो, आणि ठोकळ्यावर लपलेला अशक्तपणा तिथे उघडा पडतो. एका जागी वळवून पाहा. चार चाकांच्या गाडीत घसरत वळताना करंट सगळ्यात जास्त असतो. दहा मिनिटांनी बॅटरी पुन्हा मोजा आणि एल२९८एनच्या हीटसिंकला जपून बोट लावा. बोट ठेवता येत नसेल तर कुठलीतरी मोटर घट्ट फिरते आहे: चाक चेसिसला घासते आहे का, मोटरचा स्क्रू जास्त आवळला आहे का, गिअरमध्ये केस अडकला आहे का ते बघा.